दिनविशेष छापताना तिथी आणि वारही जुळवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकासह बहुतेक मराठी वृत्तपत्रांत रोज ‘दिनविशेष’ येते. चार ओळींचे सदर, पण शाळांच्या फळ्यांवर, सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप गटांत आणि निवेदकांच्या कागदांवर तेच उतरते. छापून आलेली चूक मग वर्षानुवर्षे फिरत राहते. या सदरांत सर्वांत जास्त गफलती १८०० ते १८४० या चाळीस वर्षांच्या दिसतात. कारण उघड आहे. पुण्याच्या दफ्तरात शुहूर सन (मृगापासून मोजायचे पेशवाईतले वर्ष) आणि चंद्राची तारीख, घरगुती टिपणांत शक आणि तिथी, मुंबईच्या कोटात, म्हणजे फोर्टात, इंग्रजी तारीख, पेढीवर संवत, अशी चार कालगणनांची सरमिसळ त्या काळात रोजच्या व्यवहारात होती. आज आपण छापतो ती इंग्रजी तारीख पुष्कळदा कुणीतरी केलेले रूपांतर असते. ते रूपांतर तपासता येते, त्याला फार विद्वत्ताही लागत नाही. उपसंपादकाने ठरवले तर दहा मिनिटांचे काम आहे.

सर्वांत ठळक उदाहरण झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे. जयंती १९ नोव्हेंबरला. साल मात्र कुठे १८३५, कुठे १८२८. चरित्रांतून चालत आलेली जन्मतिथी कार्तिक वद्य १४ अशी आहे. आता पंचांग लावून पाहा. १९ नोव्हेंबर १८३५, गुरुवार, या दिवशी कार्तिक वद्य चतुर्दशी येते. दुसऱ्या दिवशी अमावास्या, आणि त्या अमावास्येला खग्रास सूर्यग्रहण झाले होते, त्यामुळे तिथी सरकवायला जागाच नाही. १९ नोव्हेंबर १८२८ या दिवशी मात्र शुद्ध पक्ष चालू होता, द्वादशी-त्रयोदशीचा सुमार. त्या वर्षीची कार्तिक वद्य चतुर्दशी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पडते. म्हणजे १९ नोव्हेंबर ही तारीख १८३५ सालाबरोबरच जन्माला आली आहे. लग्न १८४२ सालचे, तेव्हा वधूचे वय सात वर्षे कसे धरायचे, या अडचणीतून पुढे साल मागे नेले गेले आणि दिवस तसाच ठेवला गेला. राणींचे खरे जन्मसाल १८२८ असू शकेल, त्याची बाजू वेगळ्या पुराव्यांवर मांडता येईल. पण साल १८२८ आणि तिथी कार्तिक वद्य १४ मानायची तर तारीख १९ नोव्हेंबर राहत नाही. दोन्ही डगरींवर हात ठेवून ‘१९ नोव्हेंबर १८२८’ छापणे कोणत्याच हिशेबात बसत नाही, आणि तेच सर्वाधिक छापले जाते.

तेव्हा पहिला नियम असा की साल बदलले की तारीख नव्याने काढावी लागते. तिथी दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे येते, अधिक महिना आला की पुढे उडी मारते.

आता शकाचे गणित. शकात ७८ मिळवले की इसवी सन, हे सगळ्यांना पाठ असते. ते चैत्रापासून ३१ डिसेंबरपर्यंतच खरे. १ जानेवारीपासून फाल्गुन अमावास्येपर्यंत ७९ मिळवावे लागतात. नाना फडणवीस १३ मार्च १८०० रोजी गेले. तो फाल्गुन महिना, शके १७२१. गुढीपाडव्याला अजून दोन आठवडे बाकी होते. इथे ७८ मिळवणारा माणूस नानांना १७९९ सालीच मारतो. उलट १८०० मधून ७८ वजा करणारा शके १७२२ लिहून बसतो. पौष महिना त्याहून फसवा, कारण तो बहुधा डिसेंबर-जानेवारीत विभागलेला असतो. वसईचा तह ३१ डिसेंबर १८०२ चा, पौष शुद्ध पक्षातला, शके १७२४. त्याच पक्षातली दुसऱ्या दिवशीची तिथी १८०३ सालात जाते. नुसते ‘पौष शके १७२४’ एवढेच हाती असेल तर इसवी सन ‘१८०२-०३’ असाच छापावा. त्यात कमीपणा काही नाही.

शक वाचताना शंका आली तर संवत्सराचे नाव मदतीला येते. शकात १२ मिळवून ६० ने भागावे, बाकी राहील तितके संवत्सर प्रभव या पहिल्या नावापासून मोजावे. शके १७३९ अधिक १२ म्हणजे १७५१, बाकी ११, म्हणून ईश्वर संवत्सर. कागदावर ईश्वर लिहिले असेल आणि आकडा १७३७ वाटत असेल तर आपण सात आणि नऊमध्ये घोटाळा करतो आहोत हे लगेच कळते. मोडीत हे आकडे घाईने लिहिलेले असले की डोळ्यांवर विसंबू नये.

खरा गोंधळ शुहूर सनाचा, म्हणून त्याविषयी जरा सविस्तर. पेशवाईतला कागद साल आकड्यांत न लिहिता अरबी संख्यानामांत लिहितो, आणि तेही एककापासून उलटे. इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सित, सबा, समान, तिसा हे एक ते नऊ. अशर दहा, अशरीन वीस, सलासीन तीस, अर्बैन चाळीस. मया शंभर, मयातैन दोनशे, अलफ हजार. खडकीच्या लढाईच्या वर्षाचा कागद ‘समान अशर मयातैन व अलफ’ असा येतो. आठ, दहा, दोनशे, हजार, एकूण १२१८. शुहूर वर्ष सूर्य मृगात शिरला की लागते, म्हणजे त्या काळी जूनच्या पहिल्या आठवड्यात. मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. बाजीराव दुसरे यांची सगळी अखेर या एकाच शुहूर वर्षात मावते. ५ नोव्हेंबर १८१७ ची खडकी, १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर चढलेले इंग्रजी निशाण, १ जानेवारी १८१८ चे कोरेगाव, फेब्रुवारीत बापू गोखले पडले ती अष्टीची लढाई, आणि ३ जून १८१८ ला असीरगडाजवळ इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन होणे, हे सारे १२१८ मध्येच. शक मात्र मध्ये बदलतो. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात शके १७४० लागला होता.

इथे दोन खड्डे आहेत. एक, १२१८ हा आकडा पाहून त्याला हिजरी समजणे. हिजरी १२१८ एप्रिल १८०३ मध्ये सुरू झाले. खडकीच्या आसपासचे पत्र या एका चुकीने थेट असईच्या लढाईच्या वर्षात, चौदा वर्षे मागे जाऊन पडते. दुसरा खड्डा अर्बा आणि अर्बैन यांचा. असईचे शुहूर वर्ष १२०४, ‘अर्बा मयातैन व अलफ’. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ऱ्हस्वदीर्घही नसते, त्यामुळे अर्बैन वाचले जाण्याचा धोका कायम. तसे वाचले की साल १२४० होते आणि कागद १८३९-४० वर जातो, जेव्हा पेशवाई बुडून वीस वर्षे उलटली होती. सबा आणि सबैन, समान आणि समानीन यांचेही तेच.

याहून बारीक पेच चंद्राच्या तारखेचा. वर्ष शुहूर, म्हणजे सूर्याचे, पण तारीख ‘छ’ लिहून हिजरी महिन्याची, म्हणजे चंद्राची. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचे, सौरवर्ष ३६५ चे. त्यामुळे प्रत्येक शुहूर वर्षात दहा-अकरा चांद्र तारखा दोनदा येतात, एकदा सुरुवातीला आणि एकदा शेवटी. १२१८ मध्ये हा मान रजब महिन्याच्या उत्तरार्धाला मिळाला आहे. कोष्टकाने पाहिले तर ‘छ २८ रजब’ ही तारीख १३ जून १८१७ ला येते आणि पुन्हा ३ जून १८१८ लाही. पहिल्या दिवशी बाजीरावांनी पुण्याचा तह केला, दुसऱ्या दिवशी ते माल्कमला शरण गेले! एवढ्या दोन घटना एकाच तारखेखाली बसतात, आणि दोन्ही वेळा सन समान अशर मयातैन व अलफच. प्रत्यक्ष चंद्रदर्शनाने महिना एखाद्या दिवसाने मागेपुढे होतो हे खरे, पण त्याने पेच सुटत नाही. सोडवतो तो वार. १३ जून १८१७ चा शुक्रवार, ३ जून १८१८ चा बुधवार. कागदावर भृगुवार की सौम्यवार एवढे दिसले की निकाल लागला. तिथी दिली असेल तर एक दिवस ज्येष्ठ वद्यातला, दुसरा वैशाख वद्यातला.

जुन्या कागदांत वारांची नावेही आजच्यासारखी नसतात. भानुवार किंवा आदितवार रविवार, इंदुवार सोमवार, भौमवार मंगळवार, सौम्यवार बुधवार, भृगुवार शुक्रवार, मंदवार शनिवार. मंदवार म्हणजे मंगळवार अशी समजूत करून घेणारे महाभाग आहेत, म्हणून सांगितले.

वार काढायची सोपी रीत अशी. मोबाइलच्या कॅलेंडरवर बरोबर २०० वर्षे पुढची तारीख काढावी आणि आलेल्या वारापासून चार वार मागे यावे. ५ नोव्हेंबर २०१७ ला रविवार होता, चार मागे गेले की बुधवार. खडकीची लढाई बुधवारचीच. मार्च १८०० ते १८९९ अखेर कोणत्याही तारखेला हे लागू पडते. एक्सेलच्या भरवशावर राहू नये. १९०० पूर्वीची तारीख ते तारीख म्हणून ओळखतच नाही, नुसता मजकूर धरते. आणि जुने-नवे कॅलेंडर हा शिवकाळात अडचणीचा ठरणारा मुद्दा इथे आणायचे कारण नाही. इंग्रजांनी १७५२ सालीच नवी पद्धत घेतली होती.

वारावर इतका भर देण्याचे आणखी एक कारण आहे. आजचे सॉफ्टवेअर दृक् गणिताने, म्हणजे आकाशातल्या प्रत्यक्ष स्थितीप्रमाणे, तिथी देते. त्या काळचे जोशी नांदगावच्या गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघव’ या गणितग्रंथावरून पंचांग करीत. दोन्हींत काही घटकांचा (एक घटका म्हणजे २४ मिनिटे) फरक पडतो, आणि सूर्योदयाच्या आगेमागे तिथी संपत असेल तर नाव एका दिवसाने बदलते. छापील पंचांगे तर १८३१ च्या सुमाराची, गणपत कृष्णाजींच्या शिळाप्रेसवर निघालेली. त्याआधी सारे हातनकलेवर. एका दिवसाचा फरक आला म्हणून कागद खोटा ठरवू नये. वार जुळतो तो दिवस घ्यावा. रात्रीच्या घटनांत आणखी जपावे. मध्यरात्रीनंतर दोन वाजता झालेली गोष्ट इंग्रजी हिशेबाने पुढच्या दिवसाची, आपल्या तिथीच्या हिशेबाने सूर्योदयापर्यंत आदल्या दिवसाची, आणि चंद्राच्या तारखेने आदल्या संध्याकाळीच सुरू झालेल्या दिवसाची.

माळव्यातून, ग्वाल्हेरहून आलेले कागद असतील तर महिना पौर्णिमान्त, म्हणजे पौर्णिमेला संपणारा, आहे का पाहावे. शुद्ध पक्षात काही बदलत नाही. वद्य पक्षात तिकडचे नाव एका महिन्याने पुढे असते. आपला खडकीच्या दिवसाचा आश्विन वद्य उत्तरेत कार्तिक वदी म्हणून लिहिला जाईल. तो आपला कार्तिक समजून रूपांतर केले की लढाई ५ नोव्हेंबरऐवजी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात जाते. महसुली कागदांतला फसली सन शुहूरपेक्षा नऊने जास्त असतो, तोही दक्षिणेत मृगालाच बदलतो. १२१८ शुहूर म्हणजे १२२७ फसली. साताऱ्याकडचे कागद राज्याभिषेक शकाचे असतील तर ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीपासून १६७३ मिळवावेत, जानेवारीनंतर १६७४.

मुंबईची गोष्ट निराळी. इथे कोटात इंग्रजी तारखांचीच वृत्तपत्रे निघत होती, त्यामुळे रूपांतराचा प्रश्न थोडा. इथली चूक असते ती कोणती घटना त्या तारखेची हे न पाहण्याची. टाउन हॉलातली एशियाटिक सोसायटी घ्या. २६ नोव्हेंबर १८०४ ला सर जेम्स मॅकिंटॉश यांनी लिटररी सोसायटी स्थापन केली. रॉयल एशियाटिक सोसायटीची शाखा हे नाव त्यानंतर पंचवीस वर्षांनी आले, आणि टाउन हॉलची इमारत पुरी झाली १८३३ साली. तिन्हींना ‘एशियाटिकचा स्थापना दिन’ म्हटलेले वाचायला मिळते. फर्दुनजी मर्झबान यांचे मुंबई समाचार १ जुलै १८२२, सोमवारी निघाले ते साप्ताहिक म्हणून. ‘याच दिवशी दैनिक सुरू झाले’ हे वाक्य चुकीचे आहे. गुजराती संवताने तो दिवस १८७८ चा, कारण तिथे वर्ष कार्तिकात बदलते. उत्तरेच्या चैत्री संवताने तोच दिवस १८७९ चा. पारशी सनाचा नवरोज आज ऑगस्टमध्ये येतो म्हणून तेव्हाही ऑगस्टच धरू नये. त्या वर्षात लीप दिवस नसल्याने तो दर चार वर्षांनी एक दिवस मागे सरकतो, १८२० च्या दशकात शहेनशाही नवरोज ऑक्टोबरच्या सुरुवातीला पडत असे.

६ जानेवारी १८३२, शुक्रवार, ही ‘दर्पण’च्या पहिल्या अंकाची तारीख. पौष शके १७५३. ती छापील अंकावरची तारीख आहे, तिच्याबद्दल वाद नाही. पण त्याच दिवशी बाळशास्त्री जांभेकरांची जयंतीही छापली जाते. अंकाच्या तारखेवरून संपादकाचा वाढदिवस ठरवण्याची ही पद्धत थांबली पाहिजे. ६ जानेवारीला ‘दर्पण’ एवढेच लिहावे. जगन्नाथ शंकरशेट यांच्या बाबतीत असा घोळ नाही. जन्म १० फेब्रुवारी १८०३, मृत्यू ३१ जुलै १८६५, दोन्ही बिनदिक्कत छापावे.

वाडियांच्या गोदीतल्या जहाजांबद्दल मात्र बरेच काही सुधारायला हवे. जहाजाला तीन-चार तारखा असतात, कणा घातल्याची, पाण्यात उतरवल्याची, विलायतेत पोचल्याची आणि नौदलाच्या सेवेत रुजू झाल्याची. जमशेटजी बमनजी वाडियांनी मलबारी सागवानात बांधलेले ट्रिंकोमाली १२ ऑक्टोबर १८१७ ला मुंबईत पाण्यात उतरले, १८१९ मध्ये इंग्लंडला पोचले, आणि सेवेत घेतले गेले थेट १८४७ साली. हार्टलपूलला ते अजून तरंगते आहे. उतरवण्याची तारीख तपासायला एक मुंबईकर युक्ती आहे, ती म्हणजे भरतीचे कोष्टक. जहाज सुक्या गोदीत बांधून उधाणाच्या भरतीवर बाहेर काढत, आणि मोठे उधाण अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी येते. १० ऑक्टोबर १८१७ ला अमावास्या होती, दोन दिवसांनी ट्रिंकोमाली बाहेर. मिंडेन १९ जून १८१० ला उतरले, पौर्णिमा त्याच्या दोन दिवस आधीची. अष्टमीच्या आसपास एवढे मोठे जहाज गोदीतून काढल्याची तारीख कुणी दिली तर ती संशयाने पाहावी. जाता जाता, अमेरिकेचे राष्ट्रगीत मिंडेनवर लिहिले गेले ही आवडती कथाही दिनविशेषातून काढून टाकावी. १८१४ मध्ये बाल्टिमोरवरचा तोफमारा फ्रान्सिस स्कॉट की याने पाहिला तो कैद्याच्या सुटकेसाठी पांढरे निशाण लावून गेलेल्या अमेरिकन गलबतावरून. मिंडेन तिथे नव्हते.

विलायतेच्या बातम्यांत घटनेची आणि मुंबईत छापल्याची तारीख यांत महिन्यांचे अंतर असते. आफ्रिकेच्या केपला वळसा घालून टपाल यायला चार ते सहा महिने लागत. हा हिशेब बदलू लागला तो ह्यू लिंडसे ही आगबोट २० मार्च १८३० ला मुंबईहून निघून २२ एप्रिलला सुएझला लागली तेव्हापासून. तिसरा जॉर्ज २९ जानेवारी १८२० ला वारला, पण मुंबईच्या ‘कुरियर’ किंवा ‘गॅझेट’ या इंग्रजी पत्रांच्या अंकाची तारीख उचलली तर तो उन्हाळ्यात वारल्यासारखा दिसेल.

सूचना एवढीच. १८४० पूर्वीच्या नोंदीत इंग्रजी तारखेपुढे वार छापावा आणि मूळ कागदात तिथी असेल तर तीही द्यावी. वार काढायला बसले की निम्म्या चुका टेबलावरच सापडतील. साल वादाचे असेल तर दोन्ही साले द्यावीत, पण दिवस ज्या सालाचा आहे त्याच्याच शेजारी ठेवावा. आणि ज्या नोंदीत फक्त महिना कळतो तिथे महिनाच छापावा, १ तारीख घालून जागा भरू नये.

आपला,
मोडी कागदपत्रांचा एक अभ्यासक
गिरगाव, मुंबई